पैसा खोटा निघाला, ते चित्रात कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या नॉन्सेन्स कवितांच्या सचित्र पुस्तकांवर लेख आला आणि पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकाचं पत्र. पत्राचा सूर असा, की खेड्यातल्या पोरांना अजून जोडाक्षरं धड वाचता येत नाहीत, त्यांना या उटपटांग कविता आणि त्यांची महागडी चित्रं कशाला? मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पेंटर आहे. तालुक्यातल्या बऱ्याच शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या भिंती मी रंगवल्या आहेत. ज्या पोरांबद्दल त्या वाचकाला काळजी आहे, ती माझ्या पाठीमागे उभी राहून मी काय काढतो ते पाहत असतात. म्हणून लिहितो. पत्र लांबेल. कात्री तुमच्या हातात आहे, पण शेवटी चित्रकाराच्या पैशांबद्दल लिहिलं आहे तेवढं कापू नका.

थोडी ओळख द्यावी लागेल, नाहीतर पेंटरला कवितेतलं काय कळतं असं वाटायचं. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा झाल्यावर मी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली. कलाशिक्षकाची जागा मिळाली नाही. का, ते इकडच्या कोणत्याही ए.टी.डी.वाल्याला विचारा, तो चहा पिता पिता सांगेल. मग किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांच्या मागचे मोर, निवडणुकीतल्या भिंती. फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. आता पोट चालतं ते ‘बोलक्या भिंतीं’वर: अंगणवाडीत बाराखडी, शाळेत नकाशा आणि उरलेल्या जागेत मुख्याध्यापक मोबाइलवर दाखवतील ते कार्टून. चित्रांच्या पुस्तकांचा नाद ‘किशोर’मुळे लागला. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते आणि मी त्यातल्या गोष्टी वाचायच्या आधी चित्रं पाहून घ्यायचो. आता पुतणी पुण्याहून अधूनमधून पुस्तकं पाठवते. शिवाय ज्यांचा प्रताधिकार संपला ती जुनी विलायती आणि बंगाली पुस्तकं मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात.

आता मुद्दा. आमच्या बसस्टँडवर आणि जत्रेत जाड पुठ्ठ्याची बालगीतांची पुस्तकं मिळतात. चकचकीत, कोपरे गोल कापलेले. माझ्या हातात आलेल्या एकात ‘ये रे ये रे पावसा’ होतं. चित्रात काय, तर पिवळा रेनकोट घातलेली सोनेरी केसांची मुलगी, गमबूट, छत्री, वर हसरा ढग, बाजूला कुत्र्याचं पिल्लू. आता गाणं आठवा. पावसाला पैसा देऊ केला आहे, म्हणजे सरळसरळ लाच. तो पैसा खोटा निघाला. आणि तरीही पाऊस मोठा आला. चार ओळींत एवढा घोटाळा झाला आणि चित्रात त्याचा मागमूस नाही! पैसा दिला कोणी? पावसाने तो ठेवला कुठे? खोटा आहे हे कळलं कसं, दाताने चावून की दगडावर वाजवून? आमच्या गावच्या एका पोट्ट्याने मला विचारलं होतं, “काका, पावसाले राग आला म्हून तो जोऱ्यात आला का?” ज्या पोराला हा प्रश्न पडतो त्याला कविता समजली नाही, असं मला तरी म्हणवत नाही. पण रेनकोटवाल्या मुलीच्या चित्रासमोर बसवलं, तर त्याला हा प्रश्न पडायचा नाही. त्या चित्रातला पाऊस हवामान खात्याचा आहे.

अशा कवितेत सगळं नियमाने चालतं, पहिला नियम तेवढा उटपटांग असतो. पावसाला पैसे चालतात हे एकदा मान्य केलं की पुढचा सगळा व्यवहार चोख आहे. चित्रकाराने तो पहिला नियम खरा धरायचा आणि मग जे जे होईल ते प्रामाणिकपणे काढायचं. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. कवितेतला वेडेपणा चित्रकार गाळतो आणि चेहऱ्यावर हसू चिकटवतो.

हे काम ज्याने फार आधी नीट केलं तो माणूस मुळात पक्ष्यांचा चित्रकार होता. एडवर्ड लिअर, लंडनचा, जन्म १८१२. विशी गाठायच्या आत तो तिथल्या प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत पोपटांची चित्रं काढू लागला होता. १८३० ते १८३२ या काळात त्याची पोपटांची मोठ्या आकाराची रंगीत चित्रं प्रसिद्ध झाली. पुढे एका बड्या सरदाराने आपल्या खासगी प्राणिसंग्रहातले पशुपक्षी काढायला त्याला ठेवलं. त्या वाड्यातल्या पोरांसाठी तो पाच ओळींची वेडी पद्यं करायचा, वर त्यांची चित्रं काढायचा. १८४६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, तीही टोपणनावाने. त्याच वर्षी त्याने राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे धडे दिले! एका पद्यात एका म्हाताऱ्याच्या दाढीत घुबडं, कोंबडी, चंडोल असे सगळे घरटी करून बसतात. माणूस त्याने चार रेघांत उरकला आहे, पण त्या साध्या रेघांमागे पोपटाचं पीस न् पीस पाहून काढलेला हात आहे. ज्याला खरी कोंबडी काढता येत नाही त्याने दाढीतल्या कोंबडीच्या वाटेला जाऊ नये.

लिअर आपल्याकडेही आला होता, १८७३ च्या शेवटी, आणि वर्षभराहून जास्त हिंदुस्थानभर चित्रं काढत फिरला. इथे कानावर पडलेले शब्द घेऊन त्याने एक कविता रचली. तिच्यात बाई धोबीवर बसून चांदणी पाहते, जाता जाता पंखे तिच्या रूपाची तारीफ करतात आणि शेवटी रागावलेला कमरबंद तिला गिळतो. ही कविता १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. तेव्हा संपादक महाशय, वर्तमानपत्राने असलं काही छापण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे.

दुसरा माणूस आपल्या जास्त जवळचा. सुकुमार राय, सत्यजित राय यांचे वडील. घरचा छापखाना. सुकुमारांचे वडील उपेंद्रकिशोर हे हाफटोन ब्लॉकमधले, म्हणजे बारीक ठिपक्यांनी चित्र छापायच्या ठशांमधले, मोठे जाणकार. सुकुमार स्वतः १९११ मध्ये छपाईचं तंत्र शिकायला विलायतेला गेले. १९१३ मध्ये उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं आणि सुकुमारांच्या कविता त्यांच्याच चित्रांसह त्यात येऊ लागल्या. कवी तोच, चित्रकार तोच आणि छपाईतला तज्ज्ञही तोच. असा योग पुन्हा कुठे आला असेल तर मला माहीत करून घ्यायला आवडेल. काळाआजाराने १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले, छत्तिशीही पुरी झाली नव्हती. ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक १९ सप्टेंबरला आलं. ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

त्यातल्या ‘खिचडी’च्या कवितेत बदक आणि साळिंदर मिळून एक प्राणी होतो, बगळा आणि कासव मिळून दुसरा. हत्ती आणि देवमासा एकत्र झालेला जो आहे त्याची तर फार पंचाईत: देवमाशाला पाण्याकडे जायचं आहे आणि हत्ती म्हणतो चल जंगलात. सुकुमारांनी ही जनावरं इतक्या गंभीर चेहऱ्याने काढली आहेत की प्राणिशास्त्राच्या पुस्तकात खपून जावीत. कोणी डोळे फिरवत नाही, जीभ बाहेर काढत नाही.

आमच्याकडच्या एका अंगणवाडीची मागची भिंत रिकामी होती, तिथे मी ते बदक-साळिंदर काढलं. सुकुमारांचं चित्र उतरवलं नाही, माझं काढलं. आमच्या शिवारात सायाळ, म्हणजे साळिंदरच, आहे. पोरांना तुरीच्या वावरात तिचे काटे सापडतात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. एका पोरीच्या दप्तरातला काटा समोर धरूनच मी पट्टे ओढले. बदक गावतळ्यावर पाहून घेतलं. रंग वाळायच्या आत शाळा सुटली आणि तिसरी-चौथीची पोरं भिंतीसमोर भांडायला लागली. “हे अंडे देते का पिल्लू देते?” “अंडे देईन तं काट्यानं फुटतीन ना बे!” “मंग ते अंड्यावर बसतच नसन, उभंच राहत असन.” हे भांडण आठवडाभर चाललं. कोंबडी अंड्यावर किती दिवस बसते, सायाळ पिल्लाला जवळ कसं घेते, हे विचारायला दोघं-तिघं एका म्हाताऱ्या पारध्याकडे जाऊन आले. पुढे कोणी साहेब भेटीला आले. यातून बालकाला काय बोध होतो, असं त्यांनी विचारलं. बाईंना सांगता आलं नाही. आता त्या भिंतीवर पांढरा रंग आहे आणि त्यावर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. तेही मीच लिहिलं. मजुरी वेळेवर मिळाली.

साहेबांवरून आठवलं. लुईस कॅरलच्या १८७१ च्या पुस्तकात एका भयंकर काल्पनिक जनावराची कविता आहे. जॉन टेनिएलने त्याचं असं चित्र काढलं, पंखवाला, नख्या पुढे काढलेला, की लहान मुलं घाबरतील अशी कॅरललाच धास्ती वाटली. ते चित्र पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला यायचं होतं. त्याने तीसेक आयांना ते पाठवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आणि मग ते सुरुवातीचं पान सोडून आत, कवितेजवळ घेतलं. चित्र पुसलं नाही. ज्यांच्या घरी मुलं होती त्यांना विचारलं आणि जागा बदलली.

याच कॅरलने १८७६ मध्ये एक लांबलचक शिकारकथा पद्यात लिहिली. दहा जण एका अजब प्राण्याच्या मागावर समुद्रात निघतात आणि त्यांच्या म्होरक्याजवळचा नकाशा संपूर्ण कोरा असतो. पुस्तकातही तो तसाच छापला आहे, चौकट आणि आत काही नाही. शाळांच्या भिंतींवर यवतमाळ जिल्ह्याचे इतके नकाशे मी काढले, पण हेवा वाटावा असा नकाशा तो एकच. चित्रं हेन्री हॉलिडेची. शेवटी जो प्राणी भेटल्यावर माणूस अलगद नाहीसा होतो, त्याचंही चित्र हॉलिडेने काढून दाखवलं होतं. कॅरलने ते घेतलं नाही. तो प्राणी कोणाला कल्पनेतही दिसू नये, अशी त्याची इच्छा होती.

हे वाचलं तेव्हा मला आमची कापूसकोंड्याची गोष्ट आठवली. “कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” “सांग.” “सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” “नको.” “नको काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?” पोरगं रडकुंडीला येईपर्यंत हे चालतं आणि गोष्ट काही सुरू होत नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात या गोष्टीचं एकही चित्रपुस्तक मी पाहिलेलं नाही. करणाऱ्याला माझं एवढंच सांगणं, की कापूसकोंड्या काढू नका. आजी काढा, ऐकणाऱ्या पोराचा पानागणिक लाल होत जाणारा चेहरा काढा. दिवाळीनंतर इकडे घराच्या एका खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि पोरं त्यात उड्या मारतात, ती खोली काढा. फार तर एखाद्या पानावर त्या ढिगात काहीतरी हललं असं दाखवा. आणि शेवटच्या पानावर पुन्हा पहिल्याच पानाचं वाक्य येऊ द्या.

आपल्याकडे माल कमी नाही. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे ओरडून म्हणायची पद्यं, सुरू होतात:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशासाठी,
पार्बतीच्या लुगड्याले छप्पन गाठी...

आणि मग सगळ्यांनी मिळून ‘एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव’. झडती म्हणणारा स्वतः हसत नाही, आवाज चढवून अगदी तक्रार मांडावी तशी म्हणतो. चित्रही तसंच पाहिजे. महादेव खरंच दोन पैशांसाठी रडला पाहिजे. लुगड्याच्या गाठी छप्पन म्हणजे छप्पन काढायच्या, चाळिशीत थांबायचं नाही, कारण पोरं मोजतात. मोजतातच. एका शाळेत मी गोमेला घाईत पाय काढले होते, तेव्हा एका पोरीने दोन्ही बाजूंचे मोजून, इकडे एक कमी आहे, असं मला सांगितलं. दुसरी एक झडती आहे, तिच्यात तुरीच्या दायीनं डोया मारला. तुरीची दाळ डोळा मारते! हे कसं काढायचं यावर मी पुष्कळ कागद घालवले आहेत. दाळीला हातपाय फोडले की ती कार्टून होते आणि सगळी गंमत जाते. ताटात साधं वरण, त्यातला एकच दाणा मिटलेला, बाकी सगळे उघडे, आणि जेवणारा माणूस घास हातात धरून थांबलेला. मला तरी यापलीकडे सुचलं नाही. कोणाला सुचलं तर कळवावं.

भुलाबाईच्या गाण्यांत तर चित्रपुस्तकं तयारच आहेत, कापून पिन मारायचाच अवकाश. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी म्हणतात: ‘अडकीत जाऊ, खिडकीत जाऊ, खिडकीत होता बत्ता, भुलाबाईला लेक झाला, नाव ठेवा दत्ता’. पुढे प्रत्येक गाव आपापल्या वस्तू खिडकीत ठेवतं आणि आपापली नावं पाडतं. नाव ठेवायला रास नको, नक्षत्र नको. खिडकीत बत्ता होता, एवढं पुरे. आता उजव्या पानाला खरीच खिडकी कापा. तिच्यातून मागच्या पानावरचा बत्ता दिसतो. पान उलटलं की बारसं: पाळण्यात पोरगं, भोवती बाया आणि कोपऱ्यात तोच बत्ता, त्यालाही काजळाची तीट लावलेली. पुढचं पान, पुन्हा खिडकी, आत काहीतरी भलतंच. नाव काय पडणार हे पोरं पान उलटायच्या आत ओरडून सांगतील.

आणि त्या वाचकाला जोडाक्षरांची चिंता आहे ना? बत्ता आणि दत्ता यांत दुसरं काय आहे? गाणं आधीच तोंडपाठ असतं. तेच छापलेलं समोर आलं की जीभ पुढे धावते आणि बोट मागून अक्षरांवर सरकतं. एका ओळीवर बोट पोहोचायच्या आत ओळ संपते, मग पोरगं परत मागे जातं. असं वाचताना मी अनेकांना पाहिलं आहे, भिंतीवरसुद्धा. ‘कमल नमन कर’ वाचताना असं मागे जाताना कोणी दिसलं नाही. तिथे पुढे काय येणार याची कोणाला पडलेलीच नसते.

परक्या कवितांनाही माझा विरोध नाही. लिअर आणि कॅरल यांच्या कविता घेऊन विलायतेत, अमेरिकेत दर पिढीतले चित्रकार नवं पुस्तक करतात; एक कविता, एक पुस्तक. लिअरचं घुबड आणि मांजर होडीत बसून लग्नाला निघतात. ते पुस्तक जॅन ब्रेटने १९९१ मध्ये कॅरिबियन बेटांवर नेलं. चाळणीत बसून समुद्रावर जाणाऱ्यांच्या लिअरच्याच कवितेला एडवर्ड गोरीने १९६८ मध्ये नुसत्या काळ्या रेघांची चित्रं काढली. कॅरलच्या त्या भयंकर जनावराच्या कवितेचं क्रिस्टोफर मायर्सने २००७ मध्ये बास्केटबॉलचं मैदान करून टाकलं, जनावर म्हणजे धिप्पाड खेळाडू. कवितेचा शब्द बदलला नाही. मग तीच कविता आमच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, का होऊ नये? धुरळा, हाकाटी, सगळ्या गावांना धाक असलेली एक बैलजोडी, आणि तिला हरवायला निघालेलं पोरगं. घुबड-मांजरीची होडी भंडारा-गोंदियाकडच्या तळ्यात डोंगा म्हणून सहज तरेल. लिअर आणि कॅरल यांचे प्रताधिकार कधीच संपले आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असा आपल्याकडचा नियम आहे, म्हणजे सुकुमार राय यांच्यासाठीही परवानगी लागत नाही. विंदा करंदीकरांनी १९६३ मध्ये ‘एटू लोकांचा देश’ दिला. विंदा २०१० मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या कवितांना परवानगी लागेल. ती घ्यावी. एकेका कवितेचं स्वतंत्र पुस्तक व्हावं असा तो ऐवज आहे.

खर्चाचं म्हणाल तर चार रंग कशाला पाहिजेत? गोरीचा एक रंग, सुकुमारांचा एक रंग. दोन रंग घ्या, काळा आणि गेरू. गेरू आमच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या आहे, पोरांना तो परका वाटत नाही. बत्तीस पानं, म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे. कागद मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा घ्या, ग्लेजचा नको. ग्लेजवर ट्यूबलाइट चमकते, अर्धं चित्र दिसत नाही आणि पोराला त्यावर पेन्सिलीने स्वतःचं काही काढता येत नाही. (पुस्तकात काढू देऊ नये असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.) मधोमध पिन मारा, म्हणजे पुस्तक जमिनीवर सपाट उघडतं आणि चार डोकी त्यावर वाकू शकतात. गोंदाने चिकटवलेलं पुस्तक चित्राचा मधला भाग गिळतं आणि दुसऱ्या महिन्यात पानं सोडतं. जत्रेतल्या पुस्तकात पुठ्ठा महाग आहे आणि चित्र फुकट. मला उलटा हिशोब पाहिजे. किंमत किती? तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या हातात बोजाऱ्याचे, म्हणजे खाऊचे, जे पैसे पडतात, त्यात बसेल एवढी. त्याच दिवशी गावात झडत्यांचं पुस्तक विकायला बसलं, तर खपेल की नाही ते मला सांगावं लागणार नाही.

ग्रंथालयांची वेगळी अडचण आहे. १९६७ च्या कायद्यामुळे आमच्यासारख्या गावांतही ‘ड’ वर्गाची ग्रंथालयं उभी राहिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे पातळ पुस्तकाला कोणी पुस्तक समजत नाही. बत्तीस पानांचं काही दाखल करून घ्यायचं म्हटलं की, हे तर पॅम्प्लेट आहे, असं ऐकू येतं. तेवढ्या पैशात जाडजूड ‘संपूर्ण’ काहीतरी घ्यावं, कपाट भरलेलं दिसतं. पोरांच्या पुस्तकांच्या शासनमान्य यादीत एक कविता-एक पुस्तक या प्रकारची चित्रपुस्तकं वेगळा गट करून घातली, तर दाखल रजिस्टरवाल्याला धीर येईल. आणि शेवटच्या पानावर ‘तात्पर्य’, ‘शब्दार्थ’, ‘विचार करा व सांगा’ असलं काही नको. बदक-साळिंदराच्या अंड्यांचा प्रश्न कोणत्या स्वाध्यायात बसणार आहे?

आता पैशांचं, जे कापू नका म्हटलं होतं. आपल्याकडे अशा पुस्तकांवर कवीचं नाव वर ठळक असतं, चित्रकाराचं आत, छापखान्याच्या पत्त्याजवळ, कधी तेही नसतं. ज्या पुस्तकात निम्मी कविता चित्रातच घडते तिथे दोन्ही नावं मुखपृष्ठावर एकाच आकारात पाहिजेत. मजुरी एकदाच देऊन चित्रं कायमची विकत घ्यायची पद्धत भिंतीला ठीक आहे, भिंत काही पुन्हा छापून विकत नाहीत. पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला चित्रकाराला हिस्सा द्यावा. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे, गणपती-शारदा घडवणारे, लाकडी बैल करणारे असे हात विदर्भात गावोगाव आहेत. खरी कोंबडी काढता येणारे. त्यांना विचारत कोणी नाही.

खिडकीच्या पुस्तकाचा नमुना मी करून ठेवला आहे, दोन रंगांत, खिडक्या कापलेला. गाणी आमच्या आळीतल्या बायांकडून घेतली. त्यांची नावं गावासकट पहिल्या पानावर येतील, ‘संकलन’ म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव येणार नाही, ही माझी अट आहे. कोणा प्रकाशकाला पाहायचा असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. नमुना टपालाने पाठवणार नाही, एकच प्रत आहे. इकडे यावं लागेल. दारव्ह्यापर्यंत एसटी आहे, पुढे मी घ्यायला येईन.

आपला,
एक पेंटर
(नाव व पत्ता संपादकांकडे)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ